कच्च्या रस्त्यांच्या गावाला

‘‘आता या वयात सायकल?’’

गेल्या वर्षभरात हा प्रश्न आम्हां दोघांना इतक्या जणांनी विचारला, की शेवटी आम्ही उत्तर पाठच करून ठेवलं. आमच्यापैकी एकाच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसला. (कुणाच्या, ते सांगत नाही. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात बटाटेवडा दोघांनाही मिळायला हवा!) डॉक्टर म्हणाले, ‘‘रोज चाला, नाहीतर सायकल चालवा.’’ चालायचा आम्हांला कंटाळा. मग मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोन सायकली आणून दारात उभ्या केल्या. ‘‘आई-बाबा, या ग्रॅव्हल बाइक्स. मोटारींच्या रस्त्यावर जाऊच नका, कच्च्या रस्त्यांवर जा.’’

ग्रॅव्हल बाइक म्हणजे दिसायला शर्यतीची सायकल, तेच मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पण टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद. त्यांत हवा जरा कमीच ठेवायची, म्हणजे खडी टोचत नाही. गिअर इतके हलके की चढावर पाय गरगर फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी, पण न थांबता, वर जाते. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन गुडघे फोडून घेतलेल्या आमच्या पिढीला हे म्हणजे चैनच.

प्रश्न होता, जायचं कुठे? बॉस्टनच्या आसपास कच्चा रस्ता शोधायचा म्हणजे पुण्यात पार्किंग शोधण्यासारखं. उत्तर मिळालं अडीच-तीन तासांवर, व्हरमाँटमध्ये. पानगळीचे रंग बघायला आपण सगळेच तिथे जाऊन आलोय. मोटारीतून फोटो काढले, मेपल सिरपची बाटली घेतली, झालं व्हरमाँट! आम्हीही तसेच चार वेळा जाऊन आलो होतो. पण या राज्यातल्या रस्त्यांपैकी अर्ध्याहून अधिक आजही कच्चे आहेत, हे आम्हांला ठाऊकच नव्हतं. अमेरिकेत, आणि डांबर नाही! २०२०च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची वस्ती ६ लाख ४३ हजार. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. एवढ्या माणसांनी एवढ्या डोंगरांतून डांबर ओतायचं तरी कुठवर? शिवाय ते ओतावं असं तिथल्या पुष्कळांना वाटतही नाही. १९६८ साली या राज्याने रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या पाट्यांवर कायद्याने बंदी घातली. त्यामुळे सायकलवरून जाताना समोर दिसतो तो फक्त डोंगर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. सायकली मोटारीच्या मागे, आणि डिकीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी. मुक्काम स्ट्रॅफर्ड गावाजवळच्या एका शेतावर, भाड्याच्या जुन्या घरात.

निघायच्या आदल्या रात्री देवरुखजवळच्या आमच्या गावाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे आमचा थोरला चुलतभाऊ. फोन उचलायच्या आधीच विषय माहीत होता. गावच्या घराचे वासे कुजलेत, पडवीची एक बाजू गेल्या पावसात बसली. त्याच्या मुलाला मुंबईची नोकरी सोडून गावी यायचंय, घर नीट करून काजूचं काहीतरी सुरू करायचंय. पण सातबाऱ्यावर आमचं नाव, त्यामुळे बँक कर्ज देईना. ‘‘हक्कसोडपत्र करून द्या, नाहीतर तुम्ही या आणि तुम्हीच घर उभं करा,’’ दादा म्हणाला. ‘‘बघू,’’ आम्ही म्हणालो. हे ‘बघू’ आम्ही तीन वर्षं म्हणतोय. त्या घरात आम्ही शेवटचे झोपलो त्यालाही चौदा वर्षं झाली. पण सही करायची म्हटली की हात जड होतो. ‘कोकणात आमचं घर आहे’ हे वाक्य इथल्या पार्ट्यांत आम्ही किती वेळा म्हटलं असेल! सही केली की ते वाक्य संपणार.

तर तो विषय फोनबरोबर पिशवीत टाकून आम्ही निघालो.

स्ट्रॅफर्ड हे गाव म्हणजे मधोमध हिरवळ, भोवती पांढरी घरं, आणि वर टेकाडावर उंच मनोऱ्याची पांढरीशुभ्र लाकडी इमारत. आम्हांला वाटलं चर्च. पण तिचं नाव ‘टाउन हाउस’, बांधली १७९९ साली. व्हरमाँटच्या गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. गावकरी बाकांवर बसून हात वर करून अंदाजपत्रक मंजूर करतात, आणि त्यात मोठी रक्कम असते ती रस्त्यांची. थोडक्यात, आपली ग्रामसभाच. आणि वाद, आमची खात्री आहे, तसाच होत असणार : ‘‘त्यांच्या घरापर्यंत रस्ता झाला, आमच्या का नाही?’’

कच्चा रस्ता म्हणजे न केलेला रस्ता, असा आमचा समज होता. तो पहिल्याच दिवशी उतरला. हे रस्ते डांबरीपेक्षा जास्त हातांखालून जातात. मधे उंच, दोन्ही कडांना उतरता, अशी कासवाच्या पाठीसारखी त्यांची घडण असते. पाणी बाजूच्या चरात जावं, चरातून मोरीखालून ओढ्याला मिळावं. ग्रेडर नावाचं लांबलचक यंत्र पोटाखाली पातं लावून ती पाठ पुन्हा पुन्हा घासून बसवतं. ते वेळेवर आलं नाही, की रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठतात आणि सायकलवरच्या माणसाच्या कवळीची परीक्षा होते. चर तुंबला तर पाणी रस्त्यावरूनच धावतं आणि एका पावसात रस्ता ओढा होतो. ऑगस्ट २०११मधल्या ‘आयरीन’ वादळाने व्हरमाँटचे असे शेकडो रस्ते वाहून नेले. २०२३च्या जुलैत पुन्हा महापूर, आणि बरोबर एक वर्षाने, २०२४च्या जुलैत, आणखी एक. दरवेळी गावांनी ते पुन्हा बांधले.

आणि तिथला पाचवा ऋतू! हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर वितळतो, पण खालचा अजून दगड असतो. पाण्याला झिरपायला वाट नाही, म्हणून वर नुसता राडा. त्याला ते ‘मड सीझन’ म्हणतात. मोटारी अ‍ॅक्सलपर्यंत रुततात, शाळेची बस घरापर्यंत येत नाही. हे वाचताना आम्हांला हसूच आलं. पावसाळ्यात तिठ्यावरच थांबणारी आमच्या गावची एस.टी. आठवली. म्हणून मंडळी, एप्रिलमध्ये तिकडे सायकल नेऊ नका. फार तर मोटारीने पक्क्या रस्त्यावरून जा, कारण तेच दिवस मेपलच्या गुऱ्हाळांचे. रात्री थंडी आणि दिवसा ऊब असली की झाडांतून रस वाहतो. तो पसरट कढईत आटवत बसायचं. सुमारे चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन सिरप निघतं. आपल्या काकवीचंच हे गोरं भावंड. थालीपिठावर लोण्याऐवजी व्हरमाँटचं चेडर आणि कडेला चमचाभर सिरप, हा आमचा शोध. पेटंट घेतलेलं नाही, खुशाल करून बघा.

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून टनब्रिजला गेलो. चढ असा, की आंबा घाटात रडतखडत चढणाऱ्या ट्रकची आठवण व्हावी. ताशी चार मैल! घड्याळ लावून नाडी बघत, दर वळणावर थांबत, पाणी पीत गेलो. ‘‘छातीत काही होतंय का?’’ ‘‘होतंय.’’ ‘‘काय?’’ ‘‘भूक लागलीय.’’ असे संवाद करत करत माथ्यावर आलो, आणि समोर एकामागे एक हिरव्या डोंगरांच्या रांगा. फ्रेंचमध्ये ‘व्हेर’ म्हणजे हिरवा आणि ‘माँ’ म्हणजे डोंगर. नाव काही उगीच पडलेलं नाही. पलीकडचा उतार मात्र जपून घ्यावा लागतो. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर सायकल तिथेच राहते आणि माणूस पुढे जातो. आधीपासून, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, शरीराचा भार मागे ठेवून उतरायचं.

टनब्रिजच्या खोऱ्यात व्हाइट नदीचा पहिला फाटा वाहतो आणि त्यावर छपरांचे लाकडी पूल आहेत. फ्लिंट पूल १८४५चा, हाउ १८७९चा, सिली १८८३चा. पुलाला घरासारखं छप्पर कशाला? तर पूल ज्या लाकडी कैच्यांवर उभा असतो, त्या पावसाबर्फात भिजून कुजू नयेत म्हणून. उघडा लाकडी पूल काही वर्षांत जातो, छपराखालचा शंभर-दीडशे वर्षं टिकतो. गंमत म्हणजे, पूर्वी हिवाळ्यात त्या छपराखालच्या फळ्यांवर माणसं लावून मुद्दाम बर्फ पसरवावं लागे, नाहीतर घोड्यांच्या घसरगाड्या पुलात अडकत. गावातला ‘मिल पूल’ १९९९ साली नदीतून आलेल्या बर्फाच्या लोंढ्याने मोडला. गावाने वर्षभरात तसाच लाकडी पूल पुन्हा उभा केला. वासे कुजण्याचा विषय निघाला, तशी आम्हां दोघांची नजरानजर झाली. कुणी काही बोललं नाही.

याच गावात दर सप्टेंबरात जत्रा भरते. तिचं नाव ‘टनब्रिज वर्ल्ड्‌स फेअर’! १८६७ साली सुरू झाली. गाईगुरं, बैलांच्या ओढीच्या स्पर्धा, भोपळे, लोणची. हजारभर वस्तीच्या गावाने आपल्या जत्रेला जागतिक म्हणावं, हा आत्मविश्वास आम्हांला फार आवडला. आपल्याकडे तो फक्त पुण्यात आढळतो.

परतीच्या वाटेवर मात्र आम्ही शहाणपणा केला. नकाशात एक जवळची वाट दिसली. व्हरमाँटमध्ये गावच्या रस्त्यांचे चार वर्ग असतात. चौथ्या वर्गाचा रस्ता सार्वजनिक खरा, पण तो दुरुस्त ठेवायचं गावावर बंधन नसतं. कुणी राखला तर रस्ता, नाहीतर जंगल. ही वाट चौथ्या वर्गाची होती. आधी खडी संपली, मग माती, मग नुसते दगड आणि त्यांतून वाहणारं पाणी. एका धारदार दगडाने मागचा टायर कापला. सुटी ट्यूब होती. पण—

‘‘पंप?’’

‘‘तू घेतलास ना?’’

‘‘मला वाटलं तू घेतलास.’’

चाळीस वर्षांच्या संसारात हा संवाद आम्ही पंपाच्या जागी पासपोर्ट, किल्ल्या आणि एकदा मुलगा घालूनही केलेला आहे. फोनला रेंज नाही. सायकली ढकलत निघालो.

ढकलत चाललं की दिसतं. त्या दाट जंगलात, झाडांच्या मधून, दगडांच्या भिंती गेल्या होत्या. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, कमरेएवढ्या. आमच्या तोंडून एकदमच निघालं, ‘‘गडगा!’’ कोकणात दोन वाड्यांच्या मधे असतो तोच. पण इथे गडग्याच्या अलीकडे जंगल आणि पलीकडेही जंगल. मग ही हद्द कुणाची? थोडं पुढे एक खड्डा, दगडांनी बांधून काढलेला, मधे हातभर जाडीचं झाड उगवलेलं. आणि त्याच्या कडेला, ज्या जंगलात दुसरं एक फूल नव्हतं, तिथे जांभळ्या फुलांनी लवलेलं लायलॅकचं झुडूप. घमघमाट नुसता!

मैलभर खाली एक म्हातारा शेतकरी लाकडं रचत होता. आमची अवस्था बघून काही न विचारता त्याने कोठारातून हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला. ट्यूब बसवता बसवता आम्ही त्या झुडपाबद्दल विचारलं. ‘‘जंगलात लायलॅक दिसली की समजायचं, तिथे दार होतं,’’ तो म्हणाला. नवी सून दाराशी लायलॅक लावायची. घर जातं, माणसं जातात, तळघराचा खड्डा उरतो आणि झुडूप फुलत राहतं.

मग कळलं, की हे सगळे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. १८११ साली विल्यम जार्व्हिस या लिस्बनमधल्या अमेरिकन वकिलाने मेरिनो मेंढ्या व्हरमाँटला आणल्या आणि सगळं राज्य लोकरीच्या मागे लागलं. १८४० साली माणसं तीन लाखांच्या आत आणि मेंढ्या सोळा लाखांच्या वर! जंगल तोडून कुरणं केली, शेतातले दगड काढून गडगे घातले. मग पश्चिमेकडून स्वस्त लोकर येऊ लागली, आयातकर उतरले, धंदा बसला. डोंगरमाथ्यावरची घरं एकेक करून रिकामी झाली. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा जंगल आहे.

‘‘गेले कुठे सगळे?’’ आम्ही विचारलं.

‘‘पोरी लोवेलच्या कापडगिरण्यांत. पोरं ओहायोला, आयोवाला. पत्रं यायची म्हणतात, ‘एकदा घर बघायला येऊ’ म्हणून.’’ आणि पुढचं लाकूड उचलत म्हणाला, ‘‘आलं कुणी नाही. पण जमीन मात्र कित्येकांनी सोडली नाही. मग तिचं जे व्हायचं ते झालं.’’

डोंगरातून गिरण्यांकडे. आमचे आजोबा देवरुखाहून पायी निघून परळच्या गिरणीत लागले होते. आणि आमच्या घराच्या पुढ्यात लायलॅक नाही, पण तुळशीवृंदावन आहे. चौदा वर्षांनी त्या वाटेने कुणी परका सायकल ढकलत गेला, तर त्याला काय दिसेल? त्या संध्याकाळी मेतकूटभात जेवताना आम्ही दोघं फारसं बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी पाय दुखत होते, म्हणून गावातच हिंडलो. टाउन हाउसपासून जवळच एक गुलाबी रंगाचं, नक्षीच्या झालरी लावलेलं घर आहे. आता ते राज्याचं स्मारक असून उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच उघडतं. हे जस्टिन मॉरिलचं घर. जन्म इथलाच, १८१०चा. वडील लोहार. कॉलेजचे पैसे नव्हते, म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा दुकानात कामाला लागला. दुकानदारीत कमावलं, मग वॉशिंग्टनला निवडून गेला. आपल्याला जे मिळालं नाही ते शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांना मिळावं, म्हणून त्याने १८५७ साली एक विधेयक आणलं : केंद्राने राज्यांना जमिनी द्याव्यात आणि त्यांच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं निघावीत. अध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते नाकारलं. मॉरिलने पुन्हा आणलं आणि २ जुलै १८६२ रोजी लिंकननी सही केली. त्या जमिनी मूळ रहिवासी जमातींकडून काढून घेतलेल्या होत्या, हेही इथे सांगायलाच हवं. पण त्यातूनच कॉर्नेल, परड्यू, पेन स्टेट, कॅन्सस स्टेट यांसारखी विद्यापीठं उभी राहिली वा वाढली. एम.आय.टी.लाही त्यातला वाटा मिळाला.

आणि आयोवा स्टेटलाही. १९८३ साली दोन बॅगा आणि लोणच्याची फुटकी बरणी घेऊन आम्ही एम्सला उतरलो, ते त्याच विद्यापीठात. तिथे लाल विटांचा एक ‘मॉरिल हॉल’ आहे. त्याच्यावरून दोन वर्षं रोज गेलो. हा मॉरिल कोण, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही. असिस्टंटशिपच्या पैशांवर आपल्यातली किती घरं या देशात उभी राहिली! त्या सगळ्याचा एक धागा या डोंगरातल्या, शाळा सुटलेल्या पोरापर्यंत येतो. इथली माणसं आयोवाला गेली, आम्ही आयोवाहून इथे आलो. मॉरिलचं घर १८४८नंतर बांधलेलं, अजून ताठ उभं आहे. का? कारण कुणीतरी दर काही वर्षांनी रंग देतं, छत बघतं.

त्याच हिरवळीवर बसून, रेंजचे दोन दांडे दिसत होते तेवढ्यात, दादाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.

‘‘दादा, हक्कसोडपत्राचा मसुदा पाठव. वकिलातीत जाऊन लागेल तिथे सही करतो. घर पोराचं. त्याला हवं तसं बांधू दे.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘नक्की ना? पुन्हा ‘बघू’ नाही ना?’’

‘‘नक्की. फक्त एक मागणं आहे. पुढ्यातलं तुळशीवृंदावन तेवढं काढू नका.’’

दादा खो खो हसला. ‘‘अरे, ते कोण काढतंय? तुझी वहिनी रोज दिवा लावते तिथे. आत्ताच लावलान्‌. तुम्हांला काय वाटलं, घर ओसाड पडलंय?’’

मंडळी, जाणार असाल तर जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जा. टायर रुंद घ्या, रोजचा बेत पंधरा-वीस मैलांवर नेऊ नका, पाणी आणि खायला भरपूर ठेवा, कारण दोन गावांमधे दुकान नसतं. नकाशा कागदावर छापून घ्या. जूनमध्ये बारीक काळ्या माश्या चावतात, त्यांचं मलम न्या. लायलॅक दिसली तर दोन मिनिटं थांबा.

आणि पंप. पंप कुणी घेतलाय, ते घरातून निघण्यापूर्वी विचारा.